पहिल्या अर्थ फॉल्टला प्लांट बंद पडू नये म्हणून: हाय रेझिस्टन्स ग्राउंडिंग बसवताना

न्यूट्रल थेट अर्थला जोडलेल्या सिस्टीममध्ये एक फेज बॉडीला टेकला तर काय होते, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी पाहिले. ब्रेकर पडला, पण तेवढ्या वेळात मोटरच्या टर्मिनल बॉक्सचे झाकण आतून काळे होऊन वाकले होते आणि दोन स्टड वितळले होते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये रेझिस्टर घालून फॉल्टचा करंट 5 ते 10 अँपिअरवर आणला (हीच हाय रेझिस्टन्स ग्राउंडिंग), तर फॉल्टच्या जागी फारशी जाळपोळ होत नाही, ब्रेकर पाडावा लागत नाही, नुसता अलार्म येतो. मात्र तो अलार्म आल्यावर फॉल्ट शोधायला जाणारा माणूस तुमच्याकडे नसेल, तर ही पद्धत बसवू नका. माझे याबाबत ठाम मत आहे.

आधी रेझिस्टरचा आकडा. 415 व्होल्टच्या सिस्टीममध्ये फेज ते न्यूट्रल 240 व्होल्ट मिळतात. 5 अँपिअर हवे असतील तर 48 ओहम. फॉल्ट टिकून राहिला तर या रेझिस्टरमध्ये सतत 1200 वॅट उष्णता तयार होते, म्हणून तो दहा सेकंदांच्या रेटिंगचा नको, सतत चालणाराच घ्या.

पण 5 अँपिअरच का? इथेच बहुतेक जण घाई करतात. प्रत्येक केबल, प्रत्येक मोटरचे वाइंडिंग जमिनीशी एक छोटा कपॅसिटर बनवते. एक फेज जमिनीला टेकला की या सगळ्यांचा चार्जिंग करंट फॉल्टच्या जागेतून वाहतो. रेझिस्टरचा करंट त्याच्याहून कमी असेल, तर ठिणगी विझत-पेटत राहणाऱ्या फॉल्टमध्ये व्होल्टेज पायरी-पायरीने चढत जाते आणि दूरची, चांगली मोटर विनाकारण जळते. म्हणून नियम साधा: रेझिस्टरचा करंट चार्जिंग करंटइतका किंवा त्याहून जास्त. लो व्होल्टेजला ट्रान्सफॉर्मरच्या दर 1000 केव्हीए क्षमतेमागे अर्धा अँपिअर धरायची पद्धत आहे, पण मोटरवर सर्ज कपॅसिटर (व्होल्टेजची अचानक उसळी शोषणारे) असतील किंवा शिल्डेड केबल लांबच लांब असतील तर हा अंदाज फसतो. मी गणित करतो आणि चाचणीत ताडून पाहतो. रेझिस्टरमध्ये 5 अँपिअर आणि फॉल्टमध्ये 5.1 अँपिअर दिसले, तर दोन्हींच्या वर्गांच्या फरकाचे वर्गमूळ म्हणजे चार्जिंग करंट, साधारण 1 अँपिअर. म्हणजे 5 अँपिअरचा रेझिस्टर भरपूर झाला.

बसवण्याआधी सगळ्या पॅनलांमधून एक फेरी मारा. एक फेज जमिनीला टेकला की उरलेल्या दोन फेजचे जमिनीशी व्होल्टेज 240 वरून 415 वर जाते, आणि तेही तासन्‌तास. सर्ज अरेस्टर (व्होल्टेजची उसळी जमिनीत सोडणारे), मीटरिंगचे पीटी (मीटरसाठी व्होल्टेज कमी करणारे छोटे ट्रान्सफॉर्मर), व्हीएफडीमधले (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमधले) फिल्टर कपॅसिटर हे सगळे 415 सोसणारे हवेत. व्हीएफडीमध्ये फिल्टर जमिनीला जोडणारा स्क्रू असतो, मॅन्युअल पाहून तो काढा. फेज-न्यूट्रलवर चालणारे दिवे आणि कंट्रोल सप्लाय या सिस्टीमवर चालणार नाहीत, त्यांना वेगळा ट्रान्सफॉर्मर द्या. उपकरणांच्या बॉडीची अर्थिंग मात्र पूर्वीसारखीच पक्की राहिली पाहिजे.

न्यूट्रलपासून रेझिस्टरपर्यंतची वायर इन्सुलेटेड घ्या. एकदा जुन्या ट्रान्सफॉर्मरवर सगळे जोडून झाल्यावर मी फ्यूजमधून मुद्दाम एक फेज अर्थ केला. अलार्म यायला हवा होता, पण फ्यूजच उडाला. न्यूट्रल बुशिंगपासून अर्थपट्टीला गेलेली जुनी पट्टी ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या बाजूला तशीच राहिली होती, म्हणजे आमचा रेझिस्टर नावापुरता होता. तेव्हापासून फ्यूजमधून चाचणी केल्याशिवाय मी सिस्टीम ताब्यात देत नाही. उलट, रेझिस्टरचे कनेक्शन तुटले तर सिस्टीम अनग्राउंडेड, म्हणजे अर्थशी न जोडलेली, होते आणि कोणाला कळतही नाही, म्हणून रेझिस्टर शाबूत आहे की नाही हे सतत पाहणारा रिले (बिघाड ओळखून अलार्म देणारे किंवा ब्रेकर पाडणारे उपकरण) हवाच.

आता खरे काम, फॉल्ट शोधणे. पॅनलमध्ये पल्सिंग कॉन्टॅक्टर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालू-बंद होणारा स्विच, घ्या. तो अर्धा रेझिस्टर शॉर्ट करत राहतो, त्यामुळे फॉल्ट करंट दर सेकंदा-दोन सेकंदांनी 5 वरून 10 वर जातो आणि परत येतो. मोठ्या जबड्याचा क्लॅम्प मीटर घेऊन तिन्ही फेज एकत्र पकडा, कारण मोटरचा 80 अँपिअर लोड बेरजेत शून्य होतो आणि फक्त फॉल्टचा करंट उरतो. अर्थची वायर किंवा आर्मर (केबलवरचे धातूचे कवच) जबड्यात घेऊ नका, परतीचा करंट त्यातून येतो आणि काटा शांत दिसतो.

एका रात्री अडीचला अलार्म आला. मी पॅनलच्या टोकापासून एकेक फीडर (पॅनलमधून निघणारी केबल) पकडत गेलो, सातव्यावर काटा ठोके देऊ लागला. ती केबल ट्रेने पंपहाउसकडे जात होती. वाटेतल्या जंक्शन बॉक्सच्या अलीकडे ठोके होते, पलीकडे नव्हते. बॉक्स उघडला तर ग्लँडमधून (केबल बॉक्समध्ये शिरते तिथल्या जोडातून) पाणी शिरून निळ्या फेजचा लग (वायरच्या टोकाची जोडपट्टी) ओला झाला होता. पाऊण तासात जागा सापडली, आणि दुसरा पंप चालू करून पहिला थांबवेपर्यंत प्लांट एक मिनिटही बंद पडला नाही. व्हीएफडीच्या आउटपुटला फॉल्ट असेल तर फ्रिक्वेन्सी बदलते, तिथे साधा क्लॅम्प फसतो. अशा वेळी ड्राइव्ह एकेक करून थांबवून पाहावे.

हे काम त्याच शिफ्टमध्ये संपवा. पहिला फॉल्ट तसाच ठेवला आणि दुसऱ्या फेजला दुसरीकडे फॉल्ट झाला, तर ते फेज ते फेज शॉर्ट सर्किट असते, रेझिस्टर त्यात काहीच करू शकत नाही. म्हणून दुसऱ्या फॉल्टला कमी महत्त्वाचा फीडर पाडणारा रिले लावा आणि तो कोणता, हे प्रॉडक्शनवाल्यांशी आधीच ठरवा. फेज ते फेज होणाऱ्या आर्क फ्लॅशपासूनही (ठिणगीच्या भडक्यापासून) ही पद्धत वाचवत नाही, त्यामुळे अंगावरचा संरक्षक सूट आणि हातमोजे पूर्वीसारखेच घाला.

दुरुस्तीनंतर मेगर करा (इन्सुलेशन तपासा), अलार्म रिसेट करा आणि न्यूट्रलचे व्होल्टेज पाहा. आमच्याकडे नेहमी दोन-तीन व्होल्ट असते. ते त्याच्या आसपास आले की फीडरचा नंबर, फेज, जागा आणि वेळ रजिस्टरमध्ये लिहा. पुढच्या अलार्मला आधी तेच पान उघडायचे असते.