समुद्रकाठच्या आकाशपाळण्याचे लाँग एक्सपोजर फोटो : या चुका टाळा

डिसेंबरात माहीमच्या दर्ग्यात मखदूमबाबांचा उरूस भरला, मुंबई पोलिसांची चादर चढली की पुढचे दहा दिवस चौपाटीकडे आकाशपाळणे फिरत असतात, पाठीमागे सी लिंक दिसतो आणि सूर्य थेट समुद्रात बुडतो. संध्याकाळच्या लाँग एक्सपोजरसाठी, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून फिरत्या दिव्यांच्या रेघा टिपायला, मुंबईत याहून भारी जागा मला तरी माहीत नाही. पण तिथले बरेचसे फोटो बघितले की जीव हळहळतो, पाळण्याच्या जागी पांढरी तबकडी आणि मागे काळंकुट्ट आभाळ.

हे होतं उशिरा गेल्यामुळे. लोकांना वाटतं अंधार पडला की दिवे उठून दिसतील, म्हणून सात-साडेसातला ट्रायपॉड लावतात. डिसेंबरात तिथे सूर्यास्त सहाच्या आसपास असतो आणि आभाळ निळं असतं ते साधारण सव्वासहा ते सहा पस्तीस, बस्स, एवढीच वीस मिनिटं. पाच वाजता पोचा, जागा ठरवा, फ्रेम लावून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे शटर (ते किती वेळ उघडं राहतं) अंदाजपंचे ठेवणं, आणि ही नीट समजून घ्या कारण सगळी गंमत इथेच आहे. फिरणारा दिवा एका जागेवरून क्षणात पुढे जातो, त्यामुळे त्याची एक रेघ किती उजळ येणार हे ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफ/११ सारख्या आकड्यात) आणि आयएसओवर (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ठरतं, शटरवर नाही. आभाळ मात्र शटर जितका वेळ उघडं तितकं उजळत जातं. आता पाळणा मोजा. समजा एक फेरा १६ सेकंदांचा आणि आरे १६, म्हणजे एका सेकंदात प्रत्येक आरा पुढच्याच्या जागी पोचतो आणि चक्र पूर्ण भरतं. चार सेकंद ठेवले की त्याच जागेवरून चार दिवे जातात, रेघांवर रेघा चढतात आणि रंग जळून पांढरं व्हायला लागतं. आरे वेगवेगळे दिसायला हवे असतील तर अर्ध्या सेकंदाच्या आत राहा. सव्वासहा-साडेसहाला मी आयएसओ १००, एफ/११ आणि दोन ते चार सेकंद इथून सुरुवात करते, रंग जळताना दिसले की शटर कमी करते. आभाळ काळं पडल्यावर मात्र या आकड्यांशी कितीही खेळलात तरी आभाळ आणि दिवे दोन्ही एकदम जमत नाहीत, मग दोन वेगळे शॉट घेऊन जोडावे लागतात.

आणि हो, माणसं चढता-उतरताना पाळणा थांबत थांबत जातो, तेव्हा काढलेल्या रेघा तुटक आणि गाठी पडलेल्या येतात. सगळे बसून पूर्ण वेग आला की मगच बटण दाबा.

फोटो हलला तर बहुतेक वेळा वाळूच कारण असते. ओल्या वाळूत ट्रायपॉड हळूहळू खचतो आणि एक्सपोजर चालू असताना खचला की सी लिंकचे दिवे दुहेरी येतात. पाय आधी दाबून खोल रोवा, मधला दांडा वर काढू नका, जनरेटरपासून लांब राहा (त्याची थरथर जमिनीतून येते), स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू.

फोकस फिरत्या दिव्यांवर धरायला गेलात तर लेन्स नुसती मागेपुढे करत बसेल. पाळण्याचा लोखंडी खांब हलत नाही, त्यावर फोकस धरा आणि लेन्स मॅन्युअल फोकसला टाका.

कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे कमी करणारी सोय) बंद ठेवा. नाहीतर प्रत्येक शॉटनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आणखी अडकतो आणि त्या वीस मिनिटांतली अर्धी तिथेच जातात.

आभाळात हिरवट ठिपके, तेही पाळण्याच्या बरोबर उलट्या बाजूला, दिसले तर लेन्सपुढची यूव्ही फिल्टरची काच काढा, दिव्यांचं प्रतिबिंब आहे ते. दिव्यांभोवती धुरकट वलय आलं तर काचेवर खाऱ्या हवेचा थर बसलाय, दर दहा मिनिटांनी मऊ कापडाने पुसा.

रेघेऐवजी ठिपक्यांची माळ आली की खूप जणांना कॅमेरा बिघडला असं वाटतं. तसं नसतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगात फिरताना ते टिपलं जातं. सेटिंगने जात नाही, थोडं वाइड जा (पाळणा फ्रेममध्ये लहान दिसेल असं) किंवा जरा हळू फिरणारा पाळणा निवडा, ठिपके एकमेकांना चिकटतात. मला तर ती माळ आवडते, मी ठेवते तशीच.

घरी आल्या आल्या ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका, सांध्यांत मीठ बसलं की लॉक जाम होतात.