समकालीन फ्रेंच कादंबरीतील पवित्राचा शोध: प्रबंधाला बसण्यापूर्वी

हा विषय घेतला की पहिला मोह होतो तो यादीचा. चर्च कुठे आलं, पाद्री कुठे आला, क्रूस कोणत्या पानावर आहे, हे टिपत महिना जातो आणि हाती कथासार उरतं. फ्रान्समध्ये 1905च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळे झाले. आजचा फ्रेंच कादंबरीकार बहुधा श्रद्धेच्या उंबरठ्याबाहेर उभा राहून आत बघतो. म्हणून पवित्राच्या खुणा शोधायच्या त्या वाक्यात आणि कादंबरीच्या बांधणीत.

मिशेल वेल्बेकच्या 'सुमिसिआँ' (2015) या कादंबरीतला रोकामादूर या फ्रेंच तीर्थक्षेत्रातला प्रसंग घ्या. निवेदक फ्रान्स्वा हा ह्युईस्मान्सचा अभ्यासक, म्हणजे ज्याने पुढे कॅथलिक धर्म जवळ केला त्या लेखकाचा. काळ्या मेरीच्या मूर्तीपुढे तो बसतो, काहीतरी उलगडू लागतं, आणि लगेच मनात येतं की ही नुसती भूक तर नसेल? शेवटी खिन्न होऊन तो पायऱ्या उतरतो, थेट पार्किंगच्या दिशेने. हा परिच्छेद हाताने उतरवून काढा. क्रियापदांचे काळ अधोरेखित करा, शंका नेमकी कोणत्या वाक्यात शिरते तिथे खूण करा. असे दोन-तीन परिच्छेद नीट सोडवले की एका प्रकरणाचा कणा तयार होतो. इथे पंढरपूरच्या दर्शनाशी तुलना सुचेल, पण ती बाजूला ठेवा. या माणसामागे वारीची परंपरा नाही आणि त्याचं एकटेपण हाच इथला मुद्दा आहे.

बांधणीसाठी सिल्व्ही जेर्मँची 'माग्न्यूस' (2005) उत्तम. प्रकरणांऐवजी तिथे 'तुकडे' आहेत, मधे 'टिपणं' आणि 'प्रतिध्वनी' नावाचे छोटे भाग. क्रम दुसऱ्या तुकड्यापासून सुरू होतो, कारण नायकाचं लहानपण स्मृतीतून पुसलं गेलंय. ही गाळलेली जागा वाचायला शिकलात तर जेर्मँ कळली.

कादंबऱ्या दोन, फार तर तीन. इमॅन्युएल कारेरचं 'ल र्वायोम' (2014) घेणार असाल तर आत्मकथन, इतिहास आणि कल्पित यांची सरमिसळ प्रस्तावनेतच मान्य करा, नाहीतर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येईल. जेरोम फेरारीच्या, गोंकूर हा फ्रेंच साहित्य पुरस्कार मिळालेल्या (2012) कादंबरीत प्रकरणांची शीर्षकं संत ऑगस्टीनच्या प्रवचनांतून घेतली आहेत. ती प्रवचनं चाळली नाहीत तर हाती कॉर्सिकातल्या एका बारची गोष्ट राहते. बायबलचं फ्रेंच भाषांतर टेबलावर हवंच, कारण संदर्भ अवतरणचिन्हांशिवाय येतात.

सिद्धांत एकच निवडा, पवित्रावर लिहिणाऱ्या पुढच्या तिघांपैकी एकाचा (कंसातलं साल त्याच्या पुस्तकाचं). दर्शनाच्या, भयाच्या अनुभवासाठी रुडॉल्फ ओट्टो (1917), हिंसा आणि बळीसाठी रने जिरार (1972), जागा व काळासाठी मिर्चा एलियादे. तिघांना एकत्र कोंबलं की प्रबंधाचा अर्धा भाग सारांशात जातो आणि कादंबरी मागे पडते.

उतारे मूळ फ्रेंचमधूनच द्या. इंग्रजी भाषांतरावर वाक्यरचनेचं विश्लेषण टिकत नाही. पहिली मोठी आवृत्ती आणि खिशातली आवृत्ती यांचे पृष्ठांक जुळत नाहीत, म्हणून पहिल्या टिपणापासून एकच आवृत्ती धरा. विषय नोंदवण्याआधी theses.fr या फ्रेंच प्रबंधसूचीत लेखकाचं नाव टाकून बघा. जेर्मँवर बरंच काम झालंय. तिच्यावरच लिहायचं असेल तर एखादी कमी चर्चेतली कादंबरी निवडा.