सोलापूरच्या उन्हाळ्यात बिअर्डेड ड्रॅगन: आधी थंड कोपरा, मग बल्ब

"वाळवंटातला प्राणी आहे, त्याला उन्हाचं काय?" हे वाक्य सोलापुरात हमखास ऐकायला मिळतं आणि सगळ्यात जास्त घात तेच करतं. बिअर्डेड ड्रॅगन हा पाळला जाणारा सरडा मूळच्या मध्य ऑस्ट्रेलियात काहिली वाढली की झुडपाच्या सावलीला किंवा बिळात जातो. काचेच्या पेटीत त्याला पळायला जागाच नसते. म्हणून ऊब देणारा बल्ब किती वॅटचा, हे नंतर पाहा. पेटीचं थंड टोक भर दुपारी किती तापतं, ते आधी मोजा.

बल्बखालच्या दगडाचा पृष्ठभाग 38 ते 42 अंश हवा, दुसऱ्या टोकाची हवा 24 ते 28 आणि रात्री 18 ते 24. दोन फुटी पेटीत एवढा फरक साधत नाही. पूर्ण वाढलेल्या सरड्याला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी लागते. काचेला चिकटवायचा गोल थर्मामीटर काचेचंच तापमान सांगतो, तो काढून टाका. दगडावर टेम्परेचर गन धरा. थंड टोकाला वायरवाला डिजिटल थर्मामीटर सरड्याच्या पाठीच्या उंचीवर लावा.

मे महिन्यात पारा 40 च्या वर गेला की स्लॅबखालची खोलीच 36-37 वर जाते. अशा वेळी 75 वॅटचा हॅलोजन दिवसभर चालू ठेवला तर थंड टोक उरतच नाही. बल्ब डिमरवर घ्या, सकाळी 7 ते 11 लावा आणि दुपारी बंद ठेवा. खाणं 8 च्या सुमारास द्या, कारण पचनासाठी नंतर किमान दोन तास ऊब मिळायला हवी. यूव्हीबी ट्यूब (हाडांसाठी लागणारे अतिनील-बी किरण देणारी) मात्र दुपारी बंद करू नका, तिची उष्णता किरकोळ असते. पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा. एक लिटरची बाटली गोठवून जाड सोलापुरी टॉवेलात गुंडाळा आणि थंड टोकावरच्या झाकणाच्या जाळीवर ठेवा. गार हवा आपोआप खाली उतरते. खोलीत कूलर चालेल, पण झोत पेटीवर नको आणि खिडकी उघडी हवी, नाहीतर दमटपणा साचतो.

त्याचं तोंड नीट बघायला शिका. दगडावर बसून जबडा उघडा ठेवला असेल, अंग फिकट पिवळसर झालं असेल आणि थोड्या वेळात तो स्वतःहून खाली उतरत असेल, तर सगळं ठीक आहे. थंड टोकाला बसूनही जबडा उघडाच असेल, तर धोका आहे. त्याला लगेच गार खोलीत न्या, पाय बुडतील एवढ्या साध्या पाण्यात उभं करा. बर्फ लावू नका. सुस्ती गेली नाही तर डॉक्टर गाठा.

'पोटाला ऊब हवी' म्हणून विकले जाणारे गरम दगड घेऊ नका. हा सरडा ऊन वरून घेतो. खालची उष्णता त्याला वेळेत जाणवत नाही आणि पोट भाजतं. रात्रीचा लाल बल्बही नको, तो उजेड त्याला दिसतो आणि झोप मोडते. सोलापूरच्या हिवाळ्यात घरात बहुधा 18 च्या खाली जात नाही. गेलंच तर थर्मोस्टॅटवर सिरॅमिक हीटर (उजेड न देता फक्त ऊब देणारा) लावा. अंघोळ घातल्याने कातडीतून पाणी शरीरात जातं, हाही गैरसमज आहे. पाणी तो तोंडानेच पितो, म्हणून भाजी ओली करून द्या. शेवग्याचा पाला कॅल्शियमला उत्तम आहे. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. फवारणी झालेल्या शेतातले किडे आणि काजवे तर कधीच नकोत.

खिडकीतल्या काचेआडून येणाऱ्या उन्हाचा हाडांना उपयोग नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. बाहेर न्यायचं असेल तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागात सावली करून, सकाळी 9 च्या आत 15-20 मिनिटं न्या. काचेची पेटी उन्हात ठेवलीत तर ती काही मिनिटांत भट्टी होते.

घरात 12 टक्के यूव्हीबीची टी-फाइव्ह (बारीक व्यासाची) ट्यूब पेटीच्या निम्म्याहून अधिक लांबीची घ्या. जाळीवर ठेवली तर दगडापासून 25 ते 30 सेंटीमीटरवर बसवा. वर्षभराने ती उजेड देते, पण यूव्हीबी कमी झालेलं असतं. म्हणून बसवतानाच टोकावर मार्करने तारीख लिहा आणि 12 महिन्यांनी बदला.