तारखांचं डॉक्युमेंटेशन अपडेट करताय? या चुका टाळा

जानेवारी उजाडला की टीममधला एखादा उत्साही भिडू डॉक्स उघडतो, फाइंड-रिप्लेस मारतो, २०२४ चं २०२५ करतो आणि चहाला जातो. त्या झपाट्यात लीप वर्षाच्या उदाहरणातली २९ फेब्रुवारी २०२४ सुद्धा २०२५ ची होते. पायथन निदान एरर देऊन बोंब मारतो. जावास्क्रिप्टला तेच आकडे सुटे दिले की ते गुपचूप १ मार्च काढून देतं. उदाहरणातलं वर्ष बदलायला कारण लागतं. 'जुनं दिसतं' हे कारण नव्हे.

त्याहून डोक्यात जाणारी चूक म्हणजे जावाच्या फॉरमॅटमध्ये वर्षासाठी कॅपिटल वाय. स्मॉल वाय म्हणजे कॅलेंडरचं वर्ष. कॅपिटल वाय म्हणजे तो आठवडा ज्या वर्षाच्या खात्यात पडतो ते वर्ष. एरवी दोन्हींचं उत्तर सारखंच येतं, म्हणून टेस्टिंगमध्ये कुणाला काही दिसत नाही. अंधेरीतल्या एका ऑफिसात पावत्यांच्या सिस्टिमच्या डॉक्समधल्या पानावर हाच फॉरमॅट होता, शेजारी नमुना १५ ऑगस्टचा. कोड तिथून उचलला गेला. सोमवार, ३० डिसेंबर २०२४ ला पावत्यांवर छापलं गेलं ३० डिसेंबर २०२५, कारण तो आठवडा २०२५ च्या खात्यात पडतो. अकाउंट्सच्या मॅडमनी आधी प्रिंटरवाल्याला धारेवर धरलं, मग आम्हाला. कोड लगेच दुरुस्त झाला. पानाला मात्र कुणी हात लावला नाही, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या टीमने तोच फॉरमॅट तिथूनच पुन्हा चिकटवला! तेव्हापासून नमुन्याची तारीख मी ३० डिसेंबर २०२४ च ठेवतो, आणि उदाहरण चालवून आलेलं आउटपुटच पानावर टाकतो. मनाने टाइप केलेलं आउटपुट रिव्ह्यूत दिसलं की परत पाठवतो. 'एवढं काय, दोन मिनिटांचं काम' म्हणणाऱ्यांचं तर आधी.

टाइमझोन न लिहिणं हीही नेहमीचीच. आपल्या वेळेने १ एप्रिल २०२५ ची मध्यरात्र जावास्क्रिप्टमध्ये आयएसओ स्ट्रिंग (प्रमाणित पद्धतीने लिहिलेली तारीख-वेळ) करून पाहा: ३१ मार्च, १८:३०. कारण ते यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतं आणि आपण साडेपाच तास पुढे. बिल गेलं मागच्या आर्थिक वर्षात. डॉक्समध्ये झोनचं नाव लिहा, एशिया/कोलकाता. एशिया/मुंबई शोधत बसू नका, तसा झोन नाही.

नुसतं 'वर्ष २०२५' लिहू नका. २०२४-२५ की २०२५-२६, ते सांगा.

दोन आकडी वर्ष घेत असाल तर सीमा लिहा. पायथनमध्ये ६८ म्हणजे २०६८ आणि ६९ म्हणजे १९६९, त्यामुळे १९६५ साली जन्मलेले काका २०६५ साली जन्माला येतात. जावाच्या जुन्या सिंपल डेट फॉरमॅटची रेषा ८० वर्षं मागे, २० वर्षं पुढे अशी चालू तारखेबरोबर सरकते.

'चारने भाग गेला की लीप वर्ष' हे वाक्य दिसेल तिथे खोडा. २१०० लीप नाही.

आणि ३२ बिटच्या वेळेबद्दल (१९७० पासूनचे सेकंद ३२ बिटच्या साइन्ड आकड्यात मोजणारी) '२०३८ पर्यंत चालेल' असं मोघम नको. ती १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८:४४:०७ ला संपते. तेवढंच लिहा.