ओल्ड कोर्सचं डबल ग्रीन शेवटी जमलं (माझा अनुभव)

मी बेळगावचा, शहापुरात राहतो, आणि गेले दोन महिने रात्री जेवणं झाली की गोल्फ गेमच्या कोर्स डिझायनरमध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स हे गोल्फचं मैदान बनवत बसतोय. अडलं कुठं तर डबल ग्रीनवर, म्हणजे दोन होल्सना मिळून असलेल्या एकाच ग्रीनवर (ग्रीन म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा). तिथं 18 पैकी 14 होल्सना मिळून 7च ग्रीन्स, आणि जोडीची बेरीज कायम 18, म्हणजे 2 आणि 16, 5 आणि 13 असं, किती सुंदर आहे बघा हे! पण डिझायनर प्रत्येक होलला वेगळं ग्रीन टाकतो, दोन जवळ आणली तरी मधे फेअरवेची (जरा उंच गवताची) पट्टी राहायची आणि पट (ग्रीनवरचा हलका फटका) मारला की बॉल तिथंच अडायचा, लई त्रास झाला.

मग दोन्ही ऑटो ग्रीन्स काढून टाकली, ब्रशनं एकच मोठं ग्रीन रंगवलं आणि दोन्ही पिन (होलमधले झेंडे) त्यावर लांब लांब ठेवल्या. स्मूद टूल मात्र वापरू नका, सगळं ताटासारखं सपाट होतंय. खानापूरला मामाच्या शेताकडं जाताना माळावर पायाला बारीक उंचवटे लागतात ना, तसे पाहिजेत, म्हणून सगळ्यात लहान ब्रश घेऊन एकेक हातानं उठवला. काल दादानं 5व्या होलवर लांबून पट मारला, बॉल दोनदा वळला आणि पिनपाशी जाऊन थांबला.