लिनक्सवर ॲक्टिव्हिटीवॉच बसवताय? या चुका टाळा

संगणकावर कोणत्या कामात किती वेळ गेला ते आपोआप नोंदवणारा ॲक्टिव्हिटीवॉच हा प्रोग्राम तासांवर बिल लावणाऱ्यांसाठी फार कामाचा आहे. फुकट, मुक्तस्रोत, आणि सगळी नोंद आपल्याच संगणकावर. पण काही बिघडलं तर ते बोंब मारत नाही, निमूटपणे चुकीचे तास मांडत राहतं. म्हणून बसवल्या दिवशीच ब्राउझरमध्ये localhost:5600 हा पत्ता उघडून टाइमलाइन, म्हणजे वेळेनुसार मांडलेली नोंद, तपासा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते वेलँडपाशी, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या लिनक्सच्या नव्या व्यवस्थेपाशी. उबुंटूत २१.०४ पासून वेलँड डीफॉल्ट आहे, आणि ॲक्टिव्हिटीवॉचसोबत येणारे वॉचर (नोंद टिपणारे छोटे प्रोग्राम) मात्र एक्स११ या जुन्या व्यवस्थेसाठी लिहिलेले. मग तुम्ही तासभर टाइप करत असता आणि टाइमलाइनवर दिसतं 'अननोन', नाहीतर चक्क 'एएफके', म्हणजे माणूस जागेवरच नाही! सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली 'सिस्टीम डिटेल्स' उघडून 'विंडोइंग सिस्टीम' पाहा. तिथे वेलँड असेल तर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यात दिवस घालवू नका. ॲवॉचर नावाचा वेगळा वॉचर टाका. ग्नोम डेस्कटॉपवर (उबुंटूचा नेहमीचा) त्याला 'फोकस्ड विंडो डी-बस' हे एक्स्टेन्शनही लागतं, केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपवर लागत नाही. मूळचे विंडो आणि एएफके वॉचर मात्र आठवणीने बंद करा. लॉगिन करताना एक्सऑर्ग (एक्स११ वर चालणारं सेशन) निवडा, हा सल्ला अजूनही दिला जातो, पण उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमचं ते सेशनच काढून टाकलंय.

ॲक्टिव्हिटीवॉचची डाउनलोड केलेली झिप उघडून प्रोग्राम एकदा चालवला म्हणजे काम झालं असं नाही. स्टार्टअपमध्ये टाकला नाही, तर रीस्टार्टनंतर नोंद बंद.

तीन मिनिटं कीबोर्ड-माउसला हात लागला नाही, की तुम्ही जागेवर नाही असं धरलं जातं. छापील मजकूर वाचणाऱ्या अनुवादकाचे, प्रूफरीडरचे तास इथेच गळतात. ही मर्यादा वाढवून घ्या. परदेशी क्लायंटसाठी रात्री जागणाऱ्यांनी आणखी एक सेटिंग पाहावं: इथे दिवस पहाटे ४ ला सुरू होतो, त्यामुळे रात्री २ चं काम आदल्या दिवसात जातं. ब्राउझरमध्ये नेमकं कोणत्या साइटवर काम केलं ते हवं असेल, तर वेब वॉचर हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन वेगळं टाकावं लागतं.

आणि क्लायंटला टाइमलाइनचा स्क्रीनशॉट कधीही पाठवू नका. विंडोच्या शीर्षकांत मेलचे विषय आणि दुसऱ्या क्लायंटच्या फायलींची नावं जशीच्या तशी असतात. फक्त तासांची बेरीज द्या.