क्लायंटसोबतचा संध्याकाळचा प्रोजेक्ट कॉल: मीटिंग चालवणाऱ्यांनो, या चुका टाळा

पुण्यातल्या ज्या टीमचा क्लायंट अमेरिकेत आहे, तिच्या हाताशी दिवसाचा जेमतेम एखादा तास खरा असतो. संध्याकाळी इथली माणसं दमलेली असतात, तिथली नुकतीच कामाला बसलेली असतात, आणि समोरासमोर बोलायला तेवढीच वेळ मिळते. तो तास हकिगती ऐकण्यात गेला, तर अडलेल्या प्रश्नाचं उत्तर थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळतं. म्हणून लीड, पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर), स्क्रम मास्टर (टीम ‘स्क्रम’ या कामाच्या पद्धतीने चालावी हे बघणारा), जो कुणी कॉल चालवत असेल त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे: लिहून कळवता येईल ते आधी लिहून कळवा, आणि जे दोन्हीकडच्यांनी मिळूनच ठरवायला हवं तेवढंच कॉलवर आणा.

स्टेटसची फेरी

दहाजण पाळीपाळीने काल काय केलं ते सांगतात. एकजण बोलतो, बाकीचे म्यूटवर मेल उरकतात. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत डेली स्क्रमला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला, १५ मिनिटं दिली आहेत. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न तर तिच्या २०२० च्या आवृत्तीतून काढूनही टाकले आहेत. तरी अनेक टीममध्ये ते अजून पाढ्यांसारखे म्हटले जातात.

अपडेट दुपारीच ‘जिरा’च्या (कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) बोर्डवर येऊ द्या. कॉलवर बोर्ड उघडा आणि संपत आलेल्या कामांपासून सुरुवात करा. ‘तू काय केलंस’ असं माणसाला विचारू नका, ‘हे काम इथे का थांबलंय’ असं कामाबद्दल विचारा. दोघांची तांत्रिक चर्चा रंगायला लागली, तर त्यांना कॉलनंतर थांबायला सांगून पुढे चला.

कुणी बोललं नाही म्हणजे सगळ्यांना मान्य आहे, असं धरणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. मॅनेजर क्लायंटसमोर रिलीजची (सॉफ्टवेअर वापरासाठी देण्याची) तारीख सांगतो, ‘कुणाला काही शंका?’ असं विचारतो, आणि तीन सेकंदांत पुढच्या मुद्द्यावर जातो. दुसऱ्या कंपनीच्या एपीआयचा (दोन सॉफ्टवेअर जोडणाऱ्या दुव्याचा) ॲक्सेस अजून मिळालेला नाही हे ज्या इंजिनिअरला माहीत आहे, तो गप्प बसतो. याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. बाहेरच्या माणसांसमोर वरिष्ठांचं बोलणं खोडू नये, असं आपल्या ऑफिसांत न सांगताच शिकवलं जातं. त्यात समोरून येणारं भरभर इंग्रजी. वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय बदललेला असतो.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे क्लायंटच्या कॉलआधी टीमचा दहा मिनिटांचा कॉल, ज्या भाषेत सगळे मोकळं बोलतात त्या भाषेत. क्लायंटला द्यायची प्रत्येक तारीख आधी तिथे तपासून घ्या. मुख्य कॉलवर ‘जमेल ना?’ असं विचारलंत तर होकारच येणार. त्याऐवजी विचारा, ‘या तारखेला रिलीज झाला नाही, तर कारण काय असेल?’ प्रत्येकाने उत्तर आधी चॅटमध्ये टाईप करू दे. मग नाव घेऊन बोलतं करा: सगळ्यात नवा आधी, मॅनेजर शेवटी. एकदा मॅनेजरचं मत पुढे आलं की वेगळं मत मांडणं फार कठीण होतं.

अडचण सांगणाऱ्याला तुम्ही कॉलनंतर झापलंत, तर वरचे सगळे उपाय वाया जातील. पुढच्या वेळी अडचण तुम्हाला क्लायंटकडून कळेल.

काम होईल असं सांगितलं जातं, पण कुणावर अवलंबून आहे ते कळत नाही, अशी उत्तरंही तशीच सोडू नका. ‘टेस्ट डेटा आला की होऊन जाईल’ असं कुणी म्हणालं, तर लगेच विचारा: डेटा कोण पाठवणार? कधीपर्यंत? नाही आला तर कुणाला फोन करायचा?

मिनिट्स (मीटिंगची नोंद) नंतर लिहिणं

रात्री उशिरा आठवून लिहिलेल्या मिनिट्समध्ये ज्याचं त्याला सोयीचं ते शिरतं. स्क्रीन शेअर करून निर्णय सगळ्यांसमोर टाईप करा आणि शेवटची पाच मिनिटं ते वाचून दाखवायला राखून ठेवा. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव हवं. ‘टीम बघेल’ असं लिहिलेलं काम बहुतेक वेळा कुणीच बघत नाही.

तारीख लिहिताना महिन्याचं नाव अक्षरात लिहा. ०४/०५ म्हणजे आपल्याकडे ४ मे, अमेरिकेत ५ एप्रिल. ‘शुक्रवार संपेपर्यंत’ असं ठरलं, तर कुणाचा शुक्रवार तेही लिहा. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा पुण्यात शनिवारच्या पहाटेचे साडेतीन झालेले असतात.

घड्याळ बदलतं हे विसरणं

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यूयॉर्कचा सकाळी साडेनऊचा कॉल आपल्याकडे उन्हाळ्यात सातला असतो, हिवाळ्यात आठला. घरी लहान मूल असलेल्या किंवा कंपनीच्या कॅबवर अवलंबून असणाऱ्या माणसासाठी हा एक तास मोठा असतो. हिवाळ्यापुरता कॉल तिकडच्या साडेआठला घ्या, अशी विनंती क्लायंटला ऑक्टोबरमध्येच करा. विचारलं तर बरेच जण मान्य करतात, पण विचारायला हवं.

लंडनची टीमही सोबत असेल तर मार्चमध्ये जास्त जपा. युरोपातली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात. २०२६ मध्ये अमेरिकेचा बदल ८ मार्चला आणि लंडनचा २९ मार्चला, म्हणजे मधले तीन आठवडे नेहमीचं गणित चुकतं.

एक खोली, एक माईक

आठजण कॉन्फरन्स रूममध्ये आणि दोघं घरून, असं असेल तर घरून जॉइन झालेल्यांना निम्मं ऐकूच येत नाही. खोलीतल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरून हेडफोन लावून जॉइन व्हावं, आणि घरून बोलणाऱ्यांना आधी संधी मिळावी. मध्येच आपसात मराठीत बोलायची गरज पडली, तर क्लायंटला तसं सांगून दोन मिनिटं मागून घ्या. टीममधल्या तमिळ किंवा बंगाली सहकाऱ्याला मात्र काय बोलणं झालं ते लगेच सांगा.

ठरवणारा माणूस नसताना मीटिंग रेटणं

बजेट किंवा स्कोपचा (कामात काय काय येतं याचा) निर्णय घ्यायचाय आणि त्याचा अधिकार असलेली व्यक्तीच आलेली नाही, अशी चर्चा पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. पाच मिनिटं वाट बघा. मग प्रश्न, दोन पर्याय आणि टीमची शिफारस एका मेलमध्ये लिहून त्या व्यक्तीला पाठवा, उत्तर कधीपर्यंत हवंय ते लिहा, आणि सगळ्यांना घरी जाऊ द्या.